नदीतला मोठा मासा : ऐकलेला आणि मोजलेला

आमच्या मांडवीत मुलांना समुद्रातल्या माशांची नावं शिकवावी लागत नाहीत. सुरमई, बांगडा, सौंदाळा, मोडोसा, तांबोशी ही नावं ती घरूनच शिकून येतात. जेट्टीवर उभं राहिलं की कुठली होडी काय घेऊन आली, हे चौथीतला मुलगाही सांगतो. पण गोड्या पाण्यातल्या माशांचा विषय निघाला की वर्गात शांतता पसरते. मग एखादा मामाकडे साखरप्याला किंवा चांदेराईला जाणारा मुलगा हात वर करतो आणि म्हणतो, “टीचर, आमच्या नदीत एवढा मासा होता!” हे सांगताना तो दोन्ही हात जमतील तितके फाकवतो. शेजारचा लगेच विचारतो, “मग पकडला का नाही?” उत्तर ठरलेलं असतं, “सुटला.”

मोठा मासा सुटलेलाच असतो, हा जगभरच्या माहीगीरांचा दस्तूर आहे. तरीही काही मोठे मासे सुटले नाहीत, तराजूवर चढले, त्यांची नोंद झाली आणि ती आजही पाहायला मिळते. या महिन्यात अशाच काही मोजलेल्या माशांची ओळख करून घेऊ. त्यातले काही थेट आपल्या महाराष्ट्राशी नातं सांगतात.

तीनशे किलोचा मासा

आजवर गोड्या पाण्यात पकडून वजन केलेला सर्वांत मोठा मासा कंबोडिया देशातल्या मेकाँग नदीतला आहे. जून 2022 मध्ये तिथल्या एका गरीब मासेमाराच्या गळाला एक प्रचंड पाकट लागली. आपल्या समुद्रात पाकट असते तशीच ती दिसते, पण ही जात नदीतली आहे. तिचं वजन भरलं 300 किलो आणि शेपटीसकट लांबी जवळजवळ चार मीटर. मासेमाराने ती कापून बाजारात नेली नाही. त्याने अभ्यासकांना कळवलं. त्यांनी येऊन मोजमाप घेतलं, तिच्या अंगावर एक छोटं संदेश देणारं यंत्र बसवलं आणि तिला परत नदीत सोडलं. मासेमाराला बाजारभावाने पैसे देण्यात आले, सुमारे 600 डॉलर. गावकऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘बोरामी’, म्हणजे त्यांच्या भाषेत पौर्णिमेचा चंद्र.

त्याआधीचा विक्रमही मेकाँगचाच होता. 2005 साली उत्तर थायलंडमध्ये 293 किलोचा राक्षसी मांगूर-जातीचा मासा मिळाला होता. सात किलोंच्या फरकाने विक्रम मोडायला सतरा वर्षं लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्टर्जनसारखे काही मासे याहूनही मोठे होतात, पण ते आयुष्याचा काही काळ समुद्रात घालवतात आणि अंडी घालायला नदीत चढतात. म्हणून ‘गोड्या पाण्यातला मासा’ म्हणताना सारं आयुष्य नदीत काढणारा मासा धरतात.

आपल्या देशाचा पैलवान

हिंदुस्थानात नदीतल्या माशांचा बादशाह म्हणजे महसीर. आपल्याकडे त्याला खडस, खडशी अशी नावं आहेत. मोठाले खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशा आणि खळाळत्या पाण्याच्या उलट पोहण्याची ताकद. ‘महसीर’ या नावाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. कोणी म्हणतं ‘महा’ आणि ‘शिर’, म्हणजे मोठ्या डोक्याचा. कोणी फारसीकडे बोट दाखवतं. ‘माही’ म्हणजे मासा आणि ‘शेर’ म्हणजे वाघ-सिंह. ‘माहीगीर’ हा शब्द आपल्या घरांत आजही चालतो, आणि मुघल काळात मोठ्या सरदारांना मिळणारा ‘माही-मरातिब’ हा मान तर माशाचंच चिन्ह असलेला. त्यामुळे दुसरी व्युत्पत्ती आपल्याला गोड वाटते. पण गोड वाटणं हा पुरावा नव्हे, म्हणून दोन्ही सांगून ठेवते.

या माशाची एक गंमत मुलांना फार आवडते. त्याच्या तोंडात एकही दात नसतो. दात असतात घशात! शिंपले, खेकडे, कठीण बिया तो घशातल्या दातांनी भरडतो. आणि त्याचं वय त्याच्या खवल्यावर लिहिलेलं असतं. झाडाच्या खोडात जशी वलयं असतात तशी खवल्यातही असतात. भिंगाखाली ती मोजता येतात.

महसीरचा आपल्या देशातला सर्वांत गाजलेला विक्रम 1946 सालचा आहे. म्हैसूरजवळ काबिनी नदीत डी वेट व्हॅन इंजेन यांनी 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर गळाने काढला. व्हॅन इंजेन हे म्हैसूरचं शिकारीतल्या प्राण्यांना पेंढा भरून जतन करणारं नामांकित घराणं. त्याआधी 1919 साली कावेरी खोऱ्यातच 119 पौंडांचा मासा निघाला होता. एका पौंडाने विक्रम मोडायला इथे सत्तावीस वर्षं गेली! पुढे 1984 साली कावेरीत 95 पौंडांचा महसीर मिळाला, त्याची आंतरराष्ट्रीय नोंदपुस्तकात विक्रम म्हणून नोंद झाली.

54 किलो म्हणजे किती? आपल्या दहावीतल्या एखाद्या धडधाकट मुलाच्या वजनाएवढा मासा. तो दोरीच्या एका टोकाला, माणूस दुसऱ्या टोकाला आणि मध्ये कावेरीचा वेग. असा मासा काठावर आणायला कित्येकदा तासन् तास लागत.

नावाचा घोटाळा

आता महाराष्ट्राचा धागा. इंग्रज अधिकारी कर्नल सायक्स हे मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनच्या मुलखाची माहिती गोळा करत हिंडत होते. त्यांनी इथल्या नद्यांतले मासेही टिपले आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. त्यांनी एक चांगलं काम केलं. अनेक माशांना शास्त्रीय नाव देताना त्यांनी कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडचं मराठी नावच उचललं. त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत आजही शिंगटी ‘सींगटी’ म्हणून, मळ्या ‘मुल्या’ म्हणून आणि कोळस ‘कोलस’ म्हणून नांदतो. लॅटिन पुस्तकात मराठी बोली! दख्खनी महसीरला त्यांनी ‘खुद्री’ म्हटलं. तो मासा त्यांनी पुण्याच्या मुळा-मुठा नदीवरून नोंदवला. ज्या मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना आज आपण नाकाला रुमाल लावतो, त्याच नदीने जगाला एका महसीरची ओळख करून दिली आहे.

सायक्स यांनी घोड नदीतल्या आणखी एका मोठ्या माशाला ‘मुसुल्ला’ असं नाव दिलं. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, याचा आपल्या नमाजच्या मुसल्ल्याशी काही संबंध नाही. हेही स्थानिक बोलीतलंच नाव. पण पुढे या नावावरून मोठा घोटाळा झाला. कावेरीतल्या त्या विक्रमी, पाठीवर कुबड असलेल्या महसीरला अभ्यासक बरीच वर्षं ‘मुसुल्ला’च समजत राहिले. खरं तर घोड नदीचा मासा निराळा आणि कावेरीचा निराळा. म्हणजे देशातला सर्वांत प्रसिद्ध नदीचा मासा, ज्याच्यासाठी इंग्रज साहेब हजारो मैलांवरून येत, त्याला स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं!

हा गुंता 2018 साली सुटला. केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरच्या पांबार नदीतल्या एका महसीरचं वर्णन 2007 साली झालं होतं आणि त्याला प्राणिशास्त्रज्ञ डॉ. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ ‘रेमादेवी’ असं नाव दिलं होतं. पांबार ही कावेरीच्याच खोऱ्यातली. अभ्यासकांनी तपासून पाहिलं आणि सिद्ध केलं की कावेरीचा कुबडवाला राक्षस आणि हा ‘रेमादेवी’ एकच. अशा रीतीने पुरुषांच्या शिकारकथांमध्ये गाजलेल्या माशाला शेवटी एका अभ्यासू बाईंचं नाव लाभलं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

नाव मिळालं तेव्हा मासा मात्र जवळजवळ संपला होता. त्याच सुमारास तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून जाहीर झाला.

चांगल्या हेतूचं नुकसान

तो संपत का आला? धरणं, वाळूचा उपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आपल्या लोणावळ्यापर्यंत येऊन पोचतं.

1970 च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण इथे महसीरची पैदास सुरू केली. दख्खनी महसीर कमी होत चालला होता, त्याची अंडी फलवून पिल्लं वाढवण्याचं हे काम फार मोलाचं ठरलं. तिथून लाखो पिल्लं देशातल्या वेगवेगळ्या नद्या-तलावांत सोडण्यासाठी पाठवली गेली. कावेरीतही ती गेली. हेतू नेक होता. मासे कमी झाले आहेत, तर सोडूया मासे. पण कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा आहे, हे तेव्हा कुणी नीट पाहिलं नाही. पाहुणा मासा तिथे चांगलाच रुजला, वाढला आणि घरचा मासा मागे पडत गेला.

हे कळलं कसं, ते महत्त्वाचं आहे. कावेरीकाठी हौसेने गळ टाकून मासा पकडायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा, असे तळ होते. तिथे प्रत्येक माशाची जात आणि वजन वहीत लिहून ठेवत. त्या वह्या अभ्यासकांनी उघडल्या आणि 2015 साली निष्कर्ष छापला. वर्षामागून वर्षं पाहुण्या महसीरची संख्या वाढत गेलेली, आणि कुबडवाल्याची पिल्लं जवळजवळ दिसेनाशी झालेली. ‘हल्ली पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत’ असं तर सगळेच म्हणतात. पण वहीत लिहिलेलं होतं म्हणून ते दाखवता आलं. मोजलेल्या गोष्टीचं मोल हेच.

जिथे हात आवरला

मोठे मासे आजही निर्धास्त पाहायचे असतील तर महाराष्ट्रात काही डोह आहेत. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे मासे पकडत नाहीत. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसे इथेही तसंच, देवळाजवळच्या डोहात महसीर मुक्त फिरतात. लोक दाणे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येतात.

असंच दृश्य आपल्याकडच्या बुजुर्गांनी दुसरीकडे पाहिलेलं असेल. तुर्कस्तानात उर्फा शहरात हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्या नावाशी जोडलेलं तळं आहे. तिथले मासे कुणी पकडत नाही की खात नाही. बांगलादेशात चितगावला बायझीद बोस्तामी यांच्या दर्ग्याच्या तळ्यात काळी कासवं आहेत. 2002 साली तज्ज्ञांनी ही जात जंगलातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं होतं, पण दर्ग्याच्या तळ्यात ती जिवंत होती. 

या श्रद्धांबद्दल कुणाचं मत काय असेल ते असो. मला त्यातली एक साधी गोष्ट दिसते. माणसाने जिथे हात आवरला, तिथे मासा मोठा झाला. मासा आयुष्यभर वाढत राहतो. त्याला मोठं व्हायला खास काही लागत नाही, फक्त वर्षं लागतात. आणि मादी जितकी मोठी, तितकी तिच्या पोटात अंडी जास्त. मोठी मादी मारली की एक मासा जात नाही, एक पिढी जाते.

आपला जून महिना

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा इथे होड्या वर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात. वादळाचा धोका असतो आणि माशांचा अंडी घालण्याचा काळ असतो, म्हणून ही बंदी. दर्यावर पोट असलेली आपली माणसं ती दोन महिने सोसतात.

आणि नेमक्या त्याच दिवसांत नदीवर काय चालतं? मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, पऱ्ह्यांना पाणी आलं की ‘चढणीचे मासे’ निघतात. मळ्या, शिंगटी, कोळस, सगळे पाण्याच्या उलट वर चढतात. शेताच्या बांधापर्यंत येतात. बत्त्या, टॉर्च, पाग, टोपल्या घेऊन रात्री गावंच्या गावं निघतात. कोकणात हिंदू काय, मुसलमान काय, या रात्रीची मजा कुणाला ठाऊक नाही? सकाळी दस्तरखानावर अंड्यांनी भरलेल्या माशांचं कालवण असतं आणि त्याची आठवण माणूस मुंबईत, कुवेतमध्ये, दुबईत जन्मभर काढतो.

पण हे मासे वर का चढतात, हा प्रश्न आपण ताटावर बसून विचारत नाही. ते अंडी घालायलाच चढतात. ज्या कारणासाठी समुद्र बंद, त्याच कारणासाठी नदीवर झुंबड!

मी असं म्हणत नाही की गरिबाने चार मासे धरू नयेत. पिढ्यानपिढ्या लोक धरत आले आणि नदी देत आली. पण आजीच्या काळी एक पाग आणि दोन टोपल्या असत. आता बारीक डोळ्यांची नायलॉनची जाळी पऱ्ह्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत लावतात. एकही मासा वर जात नाही. पूर्वी खाण्यापुरते धरत, आता पिशव्या भरून फोटो काढतात आणि उरलेले फेकून देतात. अल्लाहच्या नेमतीचा हा इसराफ आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

याहून वाईट प्रकार उन्हाळ्यात होतो. कोंडीत पाणी थोडं उरलं की कुणी ब्लिचिंग पावडर टाकतं, कुणी जिलेटिनची कांडी फोडतं. त्यात खायचे दहा मरतात आणि न दिसणारे हजार. तेच पाणी खालच्या वाडीतली गुरं पितात, बायका कपडे धुतात. कांडी हातात फुटून बोटं गमावलेला एखादा तरुण कोकणातल्या बऱ्याच गावांत दिसेल. हे फक्त वाईट नाही, गुन्हाही आहे. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला मनाई केलेली आहे.

घरात करता येईल असं

पहिलं म्हणजे, पऱ्ह्याचं पात्र पूर्ण अडवू नये. अर्धा आपला, अर्धा माशाचा. पहिल्या पुराचे दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. पोट फुगलेली मोठी मादी हाती आली तर परत सोडावी. गावच्या जमातीत, ग्रामसभेत हा विषय एखाद्या बुजुर्गाने काढला तर तरुण ऐकतात. ज्यांचे बाप-भाऊ दर्यावर जातात त्यांना तर बंदीचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

दुसरं, मुलांसाठी एक गणित. गळाने मासे पकडणारे लोक तराजू नसताना वजनाचा अंदाज असा काढतात. माशाची लांबी इंचांत घ्यायची, पोटाचा घेर इंचांत घ्यायचा. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले 800. उत्तर पौंडांत येतं. लांबी 40 इंच आणि घेर 24 इंच असेल तर 28.8 पौंड, म्हणजे सुमारे 13 किलो. आता मामूने गोष्ट सांगताना हात थोडे जास्त फाकवले आणि मासा दीडपट केला. लांबी 60, घेर 36. उत्तर येतं 97.2 पौंड, म्हणजे 44 किलो! हात दीडपट, मासा तिपटीहून जास्त. गप्पांमधले मासे एवढ्या झपाट्याने का वाढतात ते मुलांना इथे कळेल. मामू रागावले तर माझं नाव सांगू नये.

तिसरं काम आहे वहीचं. सुट्टीत गावी गेलात की नानी-दादीला विचारा, तुमच्या लहानपणी नदीत कुठले मासे होते, त्यांना काय म्हणत, कुठल्या कोंडीत मिळत, केवढे असत. लांबी हाताने दाखवली तर टेप लावून लिहून घ्या. गावाचं नाव, नदीचं नाव, साल अंदाजे का होईना, लिहा. सायक्सने दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच माणसांना विचारून नावं टिपली म्हणून ती टिकली. आज ती नावं सांगणारी माणसं सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी सायन्स करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथली वाटही जरूर पाहावी. दर्यावर्दी घरांतल्या मुलांना जे उपजत ठाऊक असतं, ते शिकायला बाहेरच्यांना वर्षं लागतात.

या महिन्यात वाचकांकडून एवढंच हवं. तुमच्या गावच्या नदीतल्या एका माशाचं बोलीतलं नाव, आणि कुणीतरी स्वतः पाहिलेली त्याची सर्वांत मोठी लांबी. लांबी इंचांत लिहा. ‘सुटला’ असेल तर तसं प्रामाणिकपणे कळवा, त्याचा वेगळा रकाना ठेवला आहे.